शरणप्पाची साक्ष

न्हाई माय, आत कुणी न्हाई. चर्चला कुलूप दिसतंय ना? किल्ली माझ्यापाशीच हाय, पण उघडणार न्हाई मी. तू बस इथं पायरीवर, सावलीला. लेकराला मांडीवर घे, फरशी तापलेली हाय. देगलूरच्या पल्याडून आलीस म्हणतीस – जीप, मंग बस, मंग पुन्हा बस – आन् ही पोरगी खांद्यावर. गाडीत फिट आलती का? येणारच. तोंड पूस तिचं, हा पदर घे माझा, वला हाय. मोबाईलवर बघून आलीस, हो ना? ठावं हाय मला. सगळे तेच बघून येतेत. लकवा झालेला म्हातारा उठतो, चालतो, वेदीपाशी जातो, मागं बाजा वाजतो, आन् पाळक म्हणतेत, प्रभूच्या नावानं चाल. ते पाळक म्हणजे माझे मालक. मी अंबिका, त्यांची बायको. त्या व्हिडिओत काय हाय ते तू मला सांगू नको. त्यात काय न्हाई ते मी तुला सांगते. ऐकून घे, मंग काय करायचं ते कर.

आमचे हे किल्लारीचे. नाव हनुमंत. पाळकाचं नाव हनुमंत कसं, असंच वाटलं ना तुला? सगळ्यांनाच वाटतं. भूकंपात त्यांची आई गेली. लहान होते, आत्यासंगं पत्र्याच्या शेडात राहायचे. तवा ट्रकावर ट्रक यायचे मदतीचे, आन् हरेक ट्रकाला कापडी बोर्ड – ह्यांच्याकडून, त्यांच्याकडून. ब्लँकेट हातात दिलं की फोटो निघेपर्यंत तसंच धरून उभं राहायचं, म्हणायचे हे. ह्या चर्चचे म्हातारे पाळक, सगळे त्यांना आबा म्हणत, ते बी जुनी जीप घेऊन यायचे, पण तिच्यावर एक अक्षर लिहिलेलं नसायचं. कुणीतरी विचारलं, हे कुणाकडून आलं म्हणून. तर आबा म्हणले, थंडी वाजून राहिली ना तुला? घे मंग. बस, इतकंच. ते ह्यांच्या मनात जाऊन बसलं बघ. पुढं आत्यानं इथं अहमदपूरला आणलं, कॉलेजात असताना आपल्या पायानं चर्चमधी आले, तर आबांनी बाप्तिस्मा द्यायलाच नकार दिला. म्हणले, ब्लँकेटाच्या उपकारापायी येत असशील तर येऊ नको, अजून थांब. लई थांबवलं. मंग जवा दिला तवा ह्यांनी विचारलं, नाव बदलू का? आबा म्हणले, तुझ्या आईनं तुझ्यापाशी तेवढंच ठेवलंय, ते कामून टाकतोस? तर असे हे पाळक हनुमंत. पुढं आबा गेले, चर्च ह्यांच्याकडं आलं. मी हे सगळं तुला कामून सांगून राहिले? तर ते लबाड न्हाईत, हे तुला कळावं म्हणून. लबाड माणसाची गोष्ट सोपी असती.

मंडळी कमी होत गेली, माय. म्हातारे मातीआड गेले, पोरं पुण्याला गेली, आन् जी राहिली ती नांदेडला जायला लागली – तिथं नवा हॉल झालाय, ढोल, गिटार, रंगीत लाईट, पडद्यावर गाणं येतं. इथं काय? इथं जुनी पेटी, तिचे दोन सूर दाबले की दाबलेलेच राहतेत. रविवारी हे उपदेशाला उभे राहायचे तवा समोर बाकडीच जास्त दिसायची. जेवताना हे भाकरी तोडून तशीच हातात धरून बसायचे. एकदा म्हणले, अंबिका, आबांनी एवढं भरलेलं दिलं, मी रिकामं करून ठेवणार का? मी म्हणले, जेवा.

मंग सोमेश आला. आमच्या कमिटीच्या मोठ्या पंचाचा पोरगा, पुण्यात जाहिरातीच्या कंपनीत हाय. तो बी वाईट न्हाई, खरं सांगते, ह्याच चर्चमधी ह्यांच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. जीव होता त्याचा चर्चवर. म्हणला, पाळकसाहेब, दिवा लावून टोपल्याखाली ठेवत न्हाईत, असं तुम्हीच शिकवलं ना? लोकांना कळायला नको का, की इथं देवाचं घर हाय? पटलं सगळ्यांना. मला बी पटलं. त्यानं रंग दिला, रस्त्यावर मोठा बोर्ड लावला, ह्यांचे उपदेश मोबाईलवर टाकायला लागला. फक्त बोर्डावर नाव काय लिहायचं, तिथं अडलं. तो म्हणला, हनुमंत चालणार न्हाई, लोक गोंधळतेत, पास्टर हॅनॉक लिहू. हे न्हाई म्हणले. तो म्हणला, बरं, मंग नुसतं पास्टर एच. ह्यांनी लिहू दिलं. रात्री मला म्हणले, एच म्हणजे हनुमंतच झालं की. मी हाव म्हणले. पण मला म्हणायची गरज पडावी, ह्यातच सगळं आलं – तुला कळतंय ना? पोरगी हलली का? न्हाई, झोपू दे तिला. थकलेली असती फिटनंतर.

तर शरणप्पा. तोच म्हातारा, तू बघितलास तो. गवंडी होता, उदगीरकडचा, बोलता बोलता मधेच कानडीत शिरायचा. ह्या चर्चचा मागचा ओटा त्यानंच बांधलाय. त्याला लकवा झाला, डावं अंग गेलं. लातूरला दवाखान्यात नेलं, लई दिवस ठेवलं, रक्तदाबाच्या गोळ्या लावून दिल्या, कसरत शिकवली. त्याची बायको रुक्मिणबाई – तिनं काय केलं ते कुणाच्या व्हिडिओत न्हाई. रोज सकाळी तेल चोळायची, दोन बाभळीच्या खुंटांना दोरी बांधून त्याला दोरीला धरून चालवायची, तो पडायचा, शिव्या द्यायचा, ती पुन्हा उठवायची. हे बी रोज जायचे, त्याच्यापाशी बसून प्रार्थना करायचे, आन् प्रार्थना झाली की ह्याच हातानं त्याला गोळी द्यायचे. मी डोळ्यानं बघितलंय. असा तो हळूहळू काठीवर उभा राहिला. आन् ईस्टरच्या रविवारी म्हणला, आज मी वेदीपर्यंत चालणार. चालला. सगळे रडले, टाळ्या वाजवल्या, ह्यांच्या तोंडून निघालं, प्रभूच्या नावानं चाल शरणप्पा. ते खरं होतं, माय. तो दिवस खरा होता. मी शपथेवर सांगते.

सोमेशनं तो दिवस उचलला आन् कापला. काठी कापली – कशी कापली देव जाणे, पण कमरेच्या वरचंच दिसतं बघ तुझ्या मोबाईलमधी. लातूर कापलं. शरणप्पा बोलताना म्हणला होता, डॉक्टरांचे बी उपकार, माझ्या बायकोचे बी उपकार, ते कापलं. बाजा लावला. वर लिहिलं, लकवा झालेला माणूस एका शब्दानं उठला. ह्यांनी बघितलं तवा यांचं तोंड उतरलं. म्हणले, काढून टाक, हे खोटं हाय. तर तो शांतपणे म्हणला, "तुम्ही प्रार्थना केली का न्हाई? तो चालला का न्हाई? मंग ह्यात खोटं कुठं हाय ते दाखवा." आन् ह्यांना दाखवता येईना. दिवसभर घरात फिरत होते, दाखवता येईना. खोटं बोललेलंच नव्हतं कुणी. नुसतं खरं कमी केलं होतं.

पुढं तुला ठावंच हाय. लोक यायला लागले. मुखेडहून, उदगीरहून, बिदरकडून. आधी ओटा भरला, मंग अंगण, मंग मंडप घालावा लागला. बाकडी कमी पडली. ज्या माणसानं रिकाम्या बाकड्यांसमोर एवढी वर्षं उपदेश केला, त्याच्यापुढं एकदम माणसांचा पूर – आन् सगळे हात वर करून, सगळे त्याच्याकडं बघून राहिलेले. मी खोटं कामून बोलू? त्यांना आवडलं. आरशापुढं थांबायला लागले. आवाज बदलला, माईकावरचा आवाज घरात बी यायला लागला. मी एकदा म्हणले, जरा मीठ द्या, तर एवढ्या मोठ्यानं घे म्हणले की मी दचकले. मंग आम्ही दोघं बी हसलो. ते शेवटचं हसणं. दवाखान्याची गोष्ट ते उपदेशात सांगायचे आधी – देव डॉक्टरच्या हातानं बी काम करतो म्हणून – ती हळूच गळाली. सोमेश काही गाळा म्हणला न्हाई. आपसूक गळाली. ती सांगितली की समोरचे हात खाली यायचे, मंग कशाला सांगायची?

आन् शरणप्पा. हे ऐक, सगळ्यांत हे ऐक. त्याचा नातू त्याला तो व्हिडिओ दाखवायचा. रोज दाखवायचा. म्हातारा घरात बसून स्वतःलाच बघायचा. काठी न्हाई, दोरी न्हाई, बायको न्हाई, नुसता एक शब्द आन् तो उठला. आधी हसायचा. मंग हसायचा थांबला. एक दिवस रुक्मिणबाईनं गोळी दिली तर हात बाजूला केला. म्हणला, मला देवानं बरं केलंय, तू आता त्यात गोळी घालून देवाची बेअदबी करू नको. ती म्हणली, अरे मी तुला दोरीला धरून चालवलं, इसरलास का? तर म्हणला, तू व्हिडिओत कुठं हाईस? ती धावत ह्यांच्याकडं आली. हे त्या दिवशी लातूरला होते, मोठी सभा ठरवायला. फोनवर म्हणले, उद्या जातो. दुसऱ्या दिवशी अंगणात लोक थांबलेले, सुटका होईना. संध्याकाळी गेले तर शरणप्पा जमिनीवर, तोंड वाकडं, श्वास घरघर. दवाखान्यात नेता नेता गेला. जो माणूस खरं काय ते स्वतःच्या हाडानं जाणत होता, त्यालासुद्धा मोबाईलनं फितवलं, माय. तुझं काय घेऊन बसलीस. तू तर बिचारी लांबून बघणारी.

मातीहून आले आन् हे तीन वेळा हात धुवून बी जेवायला बसेनात. कमिटी आली, म्हणली, आता काही बोलू नका, लातूरची सभा होऊ द्या, चर्चची इज्जत हाय, एवढ्या लोकांचा विश्वास तुटंल. सोमेश कोपऱ्यात बसून रडत होता, त्याला बी कळलं होतं. त्यानं व्हिडिओ काढून टाकला. पण काढून काय? तोवर दुसऱ्यांनी उचलला होता, आपापल्या नावानं लावला होता, कुणी खाली लिहिलं होतं, पडद्यावर हात ठेवा, चंगाई मिळंल, बरे व्हाल. आता तो कुणाचाच न्हाई, आन् सगळीकडं हाय. तू बघितलास तो कुणाचा होता? न्हाई सांगता येत ना? हेच ते.

पुढच्याच रविवारी हे उभे राहिले. माईक बाजूला केला. मंडप भरलेला. हळू बोलले, पण पार मागं ऐकू गेलं. म्हणले, "शरणप्पा एका शब्दानं उठला न्हाई. त्याच्यापाशी गोळ्या होत्या, बायको होती, काठी होती. देवानं ते सगळं दिलं होतं. आम्ही ते तुमच्यापासून लपवलं, आन् शेवटी त्याच्यापासून बी. तो मेला. तुम्ही घरी जा. ज्यांच्या गोळ्या चालू हाईत त्यांनी घ्या. प्रार्थना घरी बी होती." एवढं बोलून खाली बसले. मला वाटलं, आता लोक दगड मारतेल. मारले असते तर बरं झालं असतं. कुणी उठेना. एक बाई पुढं आली, तुझ्याच वयाची, म्हणली, पाळकसाहेब, आम्हांला कळलं, तुम्ही आमचा विश्वास पारखून राहिले – आमचा पक्का हाय, आता हात ठेवा. आन् तिच्यामागं रांग लागली. खरं सांगितलं तर ते बी जाहिरातच झालं, माय. ह्यांनी डोळे झाकून घेतले, वेदीमागच्या दारानं बाहेर पडले, चपला बी तिथंच राहिल्या.

तवापासून चर्चला कुलूप. कमिटीनं ह्यांना पाळकपणावरून थांबवलंय, नवा माणूस येईस्तोवर किल्ली माझ्याकडं. आन् हे काय करायचे? रोज सकाळी एस्टी स्टँडवर जाऊन उभे राहायचे. उदगीरची गाडी आली, देगलूरची आली, की दारापाशी जाऊन उतरणाऱ्यांत बघायचे – कुणाच्या खांद्यावर लेकरू हाय, कोण म्हाताऱ्याला धरून उतरवतंय. आन् विचारायचे, चर्चला चाललात का? नका जाऊ, लातूरची गाडी तिकडं लागती, नांदेडची इकडं, चला मी बसवून देतो. पोरं हसायची, येडा पास्टर म्हणायची. मी म्हणले, अहो, घरी बसा, लोक काय म्हणतेत. तर म्हणले, अंबिका, आबा गाडीवर काही न लिहिता लोकांकडं जायचे. मी बोर्ड लावून लोकांना माझ्याकडं ओढलं. आता एकेकाला परत फिरवू दे मला. कितीजण फिरले? थोडे. बाकीचे त्यांना चुकवून इथं यायचे, ह्याच पायरीवर बसायचे, तू बसलीस तिथं.

आज ते स्टँडवर भेटले न्हाईत तुला. मला ठावं हाय. भेटणार न्हाईत. परवा बिदरकडचा एक बाप आलता, पाठीवर पोरगा, मोठा पोरगा, पाय लोंबत होते त्याचे. हे वाटंत आडवे आले. त्यानं पाय धरले. हे म्हणले, न्हाई बाबा, माझ्यात काही न्हाई, तू लातूरला जा. त्याला वाटलं, गरीब म्हणून हाकलून राहिले. त्यानं ढकललं. मारायला न्हाई ढकललं, वाटंतून बाजूला व्हावं म्हणून ढकललं. पण मागं फलाटाचा लोखंडी पाईप होता. तोच बाप मंग त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, लोक सांगतेत, मोठ्यानं रडत होता. त्याला मी काय बोलू? नांदेडला नेलंय. डोळे उघडत न्हाईत अजून. डॉक्टर म्हणतेत वाट बघा. तिथं उशाशी कोण बसलंय ठावं हाय? रुक्मिणबाई. शरणप्पा गेल्यापासून ती ह्यांच्याशी एक शब्द बोललेली न्हाई, आता बी बोलत न्हाई, पण उठत बी न्हाई तिथून. मी कपडे न्यायला आले होते. अंगणात आले तर तू.

आन् तुला मी शहाणपण शिकवून राहिले. खरं सांगू? कपड्याची घडी घालता घालता मी मोबाईल काढला. तोच व्हिडिओ लावला. कामून लावला? त्यांचा आवाज ऐकायला, असं म्हणले मनाशी. पण आवाज ऐकायला हात कशाला ठेवावा लागतो? मी हात ठेवला पडद्यावर. दोन्ही हात ठेवले. चाल म्हणतेत ना ते, त्या ठिकाणी. मी – जिनं ते कापलेलं सगळं डोळ्यानं बघितलंय, तिनं. ते उठावेत म्हणून. मोबाईल गरम झाला हाताखाली, तरी काढवेना. म्हणून म्हणते, तू येडी न्हाईस. तू माझ्यासारखीच हाईस. हे मी कुणाला सांगणार नव्हते.

पोरगी जागी झाली बघ. काय नाव बाळा? वैष्णवी. उठून बस, हां, अशी. पाणी पी. ओळखलंस का आईला? ओळखती, पुरती जागी हाय. आता माय, तू सांग – हिच्या गोळ्या कधी बंद केल्या? व्हिडिओ बघितल्यावर, हो ना? मान खाली घालू नको. पिशवीत हाईत का? फेकल्या न्हाईस ना? मला वाटलंच. आई कधी सगळं फेकत न्हाई. काढ. डॉक्टरनं जेवढी सांगितली तेवढीच दे, सुटलेली भरून काढायला जास्त देऊ नको. दे. मी हितंच बसलेय.

गिळली का? तोंड उघड बाळा. बरं.

आता ऊठ. नांदेडची गाडी लागली असंल, उतरून सरळ दवाखान्यात जा, म्हण मधेच गोळ्या सोडल्या होत्या, खरं सांग, डॉक्टर रागावले तर रागावू दे. मी येत न्हाई संगं, मागल्या गाडीनं येते, तुझ्यामागनं दुसरे कुणी आले तर त्यांना बी सांगावं लागंल. काय? फक्त एकदा हात ठेवा? न्हाई. किती बी पाया पडलीस तरी न्हाई. तिच्यासाठी प्रार्थना करीन मी. पण तू गेल्यावर. तुझ्यासमोर न्हाई. जा.